फळांचा क्रीम केक पाणी सोडतो, थर घसरतात : कारण कोणत्या क्रमाने शोधावे

ताजी फळे आणि फेटलेले क्रीम भरलेला थरांचा केक हातातून बाहेर पडतो तेव्हा बहुधा देखणाच असतो. बिघाड नंतर, कधी अर्ध्या तासाने तर कधी दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडल्यावर दिसतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या केकबाबत आणि डिसेंबरपासून स्ट्रॉबेरीच्या केकबाबत हीच तक्रार माझ्याकडे वारंवार येते. अशा वेळी लोक सर्वप्रथम क्रीमला दोष देतात, दुसऱ्या कंपनीचे महागडे क्रीम आणतात आणि पुढचा केकही तसाच घसरतो, कारण बहुतेक वेळा मूळ दोष क्रीममध्ये नसून बाहेरून आलेल्या पाण्यात आणि उष्णतेत असतो. म्हणून क्रीम बदलण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे केकच्या बुडाशी, बोर्डावर, पिवळसर किंवा गुलाबी पाणी साचणे. दुसरे म्हणजे वरचा थर एका बाजूला सरकणे. समोरून पाहिल्यास केक कललेला दिसतो आणि एका बाजूच्या क्रीमला तडा जातो. तिसरे, दोन थरांच्या सांध्यावर चारही बाजूंनी फुगवटा येणे. चौथे लक्षण कापताना कळते : सुरी टेकताच फळे बाहेर येतात, तुकडा उभा राहत नाही आणि खालचा थर लगदा झालेला असूनही वरचा कोरडाच राहिलेला असतो. पाचवे, क्रीम रवाळ किंवा पिवळट होऊन त्यातून ताकासारखे पाणी सुटणे. सहावे लक्षण फक्त अननस, किवी यांसारख्या फळांच्या केकमध्ये आढळते : फळाला चिकटलेले क्रीम तेवढे सैल होते आणि त्याला कडवट चव येते.

यांपैकी नेमके कोणते लक्षण आहे हे आधी ठरवावे, कारण प्रत्येकाचा रोख वेगळ्या कारणाकडे असतो. रंगीत पाणी फळातून किंवा पाकातून येते आणि पांढरे, ताकासारखे पाणी क्रीममधून येते. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर आणखी एक फसवे लक्षण दिसते. फ्रीजमधून काढलेल्या केकच्या संपूर्ण पृष्ठभागावर बारीक थेंब जमतात. ते हवेतील बाष्पाचे असतात आणि केकच्या आतल्या दोषाशी त्यांचा संबंध नसतो. केक बंद खोक्यात ठेवूनच बाहेर काढला आणि वाढण्याच्या वेळी खोके उघडले की हे थेंब जवळजवळ येत नाहीत.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी म्हणजे स्पंजच्या बुडाला हात लावून पाहणे. वरून थंड वाटणारा स्पंज मधोमध आणि तळाशी बराच वेळ कोमट राहतो. दुधाच्या क्रीममधील फेस तरतो तो त्यातील घट्ट स्निग्ध कणांच्या आधारावर. हे कण कोमट स्पंजला लागताच मऊ होतात, फेस बसतो आणि वरच्या थराला सरकायला निसरडी जागा मिळते. स्पंज जाळीवर पूर्ण निवू द्यावा, नंतर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून किमान चार तास, शक्यतो रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावा. असा मुरलेला स्पंज कापतानाही कमी चुरतो.

दुसरी तपासणी स्पंजच्या आकाराची. थर ताटावर ठेवून डोळ्याच्या रेषेत पाहावे. मधोमध घुमट असेल तर त्यावर ठेवलेला पुढचा थर कडेला झुकणारच, मग क्रीम कितीही उत्तम असो. घुमट दातेरी सुरीने कापून सपाट करावा. त्याच वेळी वरची तपकिरी, गुळगुळीत सालही काढावी. या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. ही साल पाक नीट शोषत नाही आणि ओली झाली की सुटी होते, त्यामुळे तिच्यावर लावलेले क्रीम सालीसकट घसरते. उघड्या, जाळीदार स्पंजला मात्र क्रीम धरून राहते.

तिसरी तपासणी फळांची आहे आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक केक इथेच बिघडलेले आढळतात. फळ चिरल्यावर त्याच्या पेशी फुटतात आणि रस बाहेर येऊ लागतो. त्यावर साखर पडली की हा रस अधिक वेगाने खेचला जातो, आणि क्रीममध्ये साखर असतेच. म्हणजे कोरडे दिसणारे फळही केकमध्ये गेल्यावर काही तास रस सोडत राहते. आपले फळ किती रस सोडते हे पाहण्यासाठी केकसाठी चिरलेल्या फोडी गाळणीत घालून, खाली वाटी ठेवून, अर्धा तास तशाच राहू द्याव्यात. वाटीत चमचाभर रस जरी जमला तरी तो एरवी थरांमध्येच उतरला असता हे लक्षात घ्यावे. निथळलेल्या फोडी स्वच्छ पंच्यावर किंवा टिश्यूवर एका थरात पसरून, वरून हलके टिपून मगच वापराव्यात.

फळाप्रमाणे काळजी बदलते. हापूस किंवा केशर पिकलेला पण घट्ट असावा. बोटाने दाबल्यावर खड्डा राहणारा आंबा रसासाठी ठेवावा. पायरी रसाळ असल्याने आमरसाला उत्तम, परंतु केकमध्ये तिच्या फोडी टिकत नाहीत. स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी, पूर्ण वाळवावी आणि त्यानंतरच देठ काढून चिरावी, कारण देठाच्या जागेतून पाणी आत शिरते. द्राक्षे शक्यतो अख्खी किंवा उभी दोन भाग केलेली वापरावीत आणि कापलेली बाजू टिपून घ्यावी. डाळिंबाचे दाणे न फुटलेले असतील तर जवळजवळ निर्धोक असतात. आपल्याकडे ते मुबलक मिळत असूनही केकमध्ये त्यांचा उपयोग फार कमी होतो याचे मला आश्चर्य वाटते. कलिंगड आणि संत्र्याच्या फोडी थरांमध्ये भरूच नयेत, फार तर वाढण्याच्या क्षणी वर ठेवाव्यात. गोठवलेली फळे वितळताना भरपूर पाणी सोडतात, कारण बर्फाच्या स्फटिकांनी त्यांच्या पेशी आधीच फाटलेल्या असतात. याच कारणाने ताज्या फळांचा तयार केक फ्रीझरमध्ये ठेवू नये.

फोडींचा आकारही तपासावा. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा मोठी फोड वरच्या थराला टेकू देते आणि तिच्या आजूबाजूला पोकळी राहते. कापताना सुरी अशा फोडीवर अडते आणि ती फोड संपूर्ण थर ढकलत पुढे नेते.

चौथी तपासणी पाकाची. स्पंज ओलसर हवा म्हणून अनेक जण वाटीने पाक ओततात. तो सगळा शोषला जात नाही. उरलेला खालच्या थरात उतरतो आणि तिथून बोर्डावर येतो. 15 सेंटिमीटर व्यासाच्या केकच्या प्रत्येक थराला साधारण दोन ते तीन मोठे चमचे पाक ब्रशने, कडेपासून मध्याकडे लावल्यास पुरतो. सर्वांत खालच्या थराला थोडा कमीच द्यावा, कारण वरचा ओलावा शेवटी त्याच्याकडे येतो. अंड्याचा स्पंज पाक चांगला पितो. कंडेन्स्ड मिल्कचा किंवा दह्याचा बिनअंड्याचा स्पंज मुळातच दमट आणि नाजूक असल्याने त्याला निम्मा पाक बास होतो. फळांचा निथळलेला रस याच पाकात मिसळता येतो. मग वेगळे पाणी घालावे लागत नाही आणि चवही फळाची येते.

क्रीमची तपासणी

एवढे सगळे ठीक असेल तरच क्रीमकडे वळावे. प्रथम पुड्यावरील स्निग्धांशाचे प्रमाण वाचावे. आपल्याकडे किराणा दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या पुड्यांत ते साधारण 20 ते 25 टक्के असते. हे क्रीम भाजीच्या रश्श्यासाठी किंवा फ्रूट सॅलडसाठी योग्य असते. फेटून थर उभे करण्याची ताकद त्यात नसते. फेटण्यासाठी किमान 30 टक्के आणि शक्यतो 35 टक्के स्निग्धांश हवा. परदेशी पाककृती वाचून केलेले केक बिघडण्याचे एक मोठे कारण इथेच आहे : अमेरिकेतील हेवी क्रीममध्ये किमान 36 टक्के आणि ब्रिटनमधील डबल क्रीममध्ये सुमारे 48 टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे तिथली कृती आपल्या 25 टक्क्यांच्या क्रीमवर लागू पडत नाही. याउलट लंडनला किंवा न्यू जर्सीला राहून आंब्याचा केक करणाऱ्यांचे क्रीम सहसा कमजोर नसते. त्यांचा केक घसरतो तो डब्यातला आमरस थेट थरांमध्ये ओतल्यामुळे. हा रस आधी शिजवून घट्ट करावा लागतो. 200 ग्रॅम रसाला दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घालावे, मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणावी आणि मिश्रण पूर्ण थंड झाल्यावर वापरावे.

दुसरी गोष्ट तापमानाची. क्रीम, भांडे आणि बीटरची पाती हे तिन्ही थंड हवे. मे महिन्यात पुण्यातील किंवा नागपुरातील स्वयंपाकघरात फ्रीजमधून काढलेले क्रीम फेटून होईपर्यंत कोमट होऊ लागते, म्हणून भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटावे आणि पंख्यापेक्षा गॅसच्या शेगडीपासूनच्या अंतराची जास्त काळजी घ्यावी. शेजारी कुकर चालू असताना क्रीम फेटू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे कुठे थांबायचे. पाते उचलल्यावर टोक उभे राहते आणि किंचितच वळते, त्या टप्प्यावर थरांमधले क्रीम तयार असते. टोक लगेच आडवे पडत असेल तर क्रीम कमी फेटले गेले आहे आणि वरच्या थराच्या वजनाने ते कडेने बाहेर येईल. पृष्ठभाग रवाळ दिसू लागला तर ते जास्त फेटले गेले आहे. या वेळी यंत्र थांबवून, दोन-तीन चमचे थंड पातळ क्रीम घालून, हाताने हलके घोळल्यास बहुधा सावरते. पिवळे कण आणि पाणी वेगळे झाले असेल तर मात्र ते लोणीच झाले. ते परत क्रीम होणार नाही, त्यामुळे त्यावर आणखी वेळ घालवू नये.

नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग उन्हाळ्यात जास्त तग धरते हे खरे आहे. मात्र ते फ्रीझरमधून काढून ओट्यावर वितळवू नये. रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात वितळू द्यावे, नंतर पुन्हा गोठवू नये आणि ते आधीच गोड असल्याने त्यात वरून साखर घालू नये. एवढे करूनही फळाचे पाणी थरांमध्ये उतरले तर हे टॉपिंगसुद्धा घसरते. चवीच्या दृष्टीने माझे मत दुधाच्या क्रीमच्या बाजूने आहे. चांगल्या हापूसबरोबर वनस्पती तेलाचे टॉपिंग वापरणे मला पटत नाही.

अननस आणि किवी यांचा वेगळा विचार

कच्च्या अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन आणि पपईत पपेन ही प्रथिने तोडणारी विकरे असतात. दुधाच्या प्रथिनांवर त्यांचा परिणाम होऊन क्रीम सैल पडते आणि काही तासांत कडवटपणा येतो. जिलेटिन वापरले असेल तर तेही धरत नाही, कारण जिलेटिनही प्रथिनच आहे. डब्यातल्या अननसाने हा त्रास होत नाही, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने विकर निकामी झालेले असते. ताज्या अननसासाठी हाच उपाय घरी करता येतो. 300 ग्रॅम बारीक फोडी 60 ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर सहा ते आठ मिनिटे चांगल्या उकळाव्यात, गाळाव्यात, थंड कराव्यात आणि गाळलेला रस पाक म्हणून वापरावा. किवी शिजवल्यावर रंग आणि चव दोन्ही गमावते, म्हणून ती फक्त वर, आणि तीही वाढण्याच्या आधी ठेवावी.

रचनेतील दोष

फुगवटा किंवा घसरण अजूनही होत असेल तर थर रचण्याची पद्धत पाहावी. स्पंजच्या कडेने थोड्या जास्त फेटलेल्या क्रीमचे कडे काढावे, आत पातळ क्रीम पसरावे, त्यावर कडेपासून दीड सेंटिमीटर आत फळे ठेवावीत आणि फोडींमधल्या फटी पुन्हा क्रीमने भरून पृष्ठभाग सपाट करावा. शेतात पाणी अडवायला बांध घालतात, तेच काम हे कडे करते. फळ थेट स्पंजवर ठेवल्यास ते स्पंज भिजवते आणि वरच्या थराला चिकटायला काही उरत नाही. दोन्ही बाजूंना क्रीम असले तरच थर एकमेकांना धरतात. 15 सेंटिमीटरच्या केकला एका सांध्यात 60-70 ग्रॅम फळे पुरे होतात. जास्त फळे म्हणजे जास्त चांगला केक हा समज घसरणीला थेट निमंत्रण देतो.

सगळे थर रचून झाल्यावर, बाहेरचे क्रीम लावण्याआधी, केक अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. आतले क्रीम घट्ट झाल्याशिवाय बाहेरून पॅलेट नाइफचा दाब दिला की थर हलतात आणि हा हललेला थर शेवटच्या लेपाखाली झाकला जातो. मग खोके उघडल्यावर केक ‘अचानक’ कललेला दिसतो. केक दूर न्यायचा असेल तर मधोमध एक जाड, स्वच्छ स्ट्रॉ वरपासून बोर्डापर्यंत खुपसून ठेवावी आणि कापण्याआधी आठवणीने काढावी. गाडीत खोके मांडीवर किंवा उतरत्या सीटवर न ठेवता पायाजवळच्या सपाट जागेत ठेवावे.

यानंतरच क्रीमला आधार देणाऱ्या पदार्थांचा विचार करावा. 250 मिली क्रीमसाठी एक चहाचा चमचा जिलेटिन एक मोठा चमचा थंड पाण्यात भिजवून, गरम पाण्यावर विरघळवून, कोमट असतानाच धारेने फेटत घालावे. शाकाहारी घरांत जिलेटिन चालत नाही. त्याऐवजी घेतले जाणारे चायना ग्रास (अगर-अगर) उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि कोमट होताच गोठते, त्यामुळे थंड क्रीममध्ये त्याच्या गुठळ्या होतात. ते फळांच्या घट्ट थरासाठी वापरावे. क्रीमसाठी दर 100 मिलीला एक मोठा चमचा दूध पावडर हा साधा उपाय बऱ्यापैकी काम देतो. हे सर्व शेवटी सांगण्याचे कारण असे की ओल्या फळांवर किंवा कोमट स्पंजवर जिलेटिनही टिकत नाही.

स्पंज आणि उपकरणे

खालचा थर दर वेळी लगदा होत असेल तर स्पंज मधून कापून पाहावा. तळाशी रबरासारखा दाट पट्टा असेल तर मैदा नीट मिसळला गेला नव्हता किंवा मिसळताना अंड्याचा फेस बसला होता. हा पट्टा पाक शोषत नाही, त्यामुळे पाक त्याच्यावर तरंगत राहतो. तीन अंडी, 90 ग्रॅम साखर आणि 90 ग्रॅम मैदा या साध्या प्रमाणाचा स्पंज 170 अंशांवर भाजून पाहावा. मैदा दोनदा चाळून, तीन भागांत, खालून वर घोळत मिसळावा. तरीही मध्यभाग कच्चा राहत असेल तर ओटीजीमध्ये, म्हणजे केक भाजण्याच्या विजेच्या घरगुती भट्टीत, स्वतंत्र तापमापक ठेवावा. बाहेरच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत 10-15 अंशांचा फरक नेहमी आढळतो आणि तो बटण फिरवून सांभाळता येतो.

कुठे थांबावे

तापमापकाचा काटा स्थिर न राहता मोठ्या फरकाने वरखाली होत असेल, किंवा ओटीजी ठरलेल्या तापमानाला पोहोचतच नसेल, तर थर्मोस्टॅट किंवा तापणारी कांडी बिघडलेली असण्याचा संभव आहे. ओटीजी स्वतः उघडू नये, तंत्रज्ञाला बोलवावे. फ्रीजसाठी एक पेला पाणी मधल्या कप्प्यात ठेवून त्यात तापमापक रात्रभर बुडवावा. सकाळी तो 4-5 अंशांच्या आसपास असावा. तापमान कमी करून, दाराचे रबर पुसून आणि कप्प्यातील गर्दी हटवूनही तो 8 अंशांच्या वर राहत असेल तर पुढचा केक करण्याआधी फ्रीज दुरुस्त करून घ्यावा. अशा फ्रीजमध्ये केवळ केकच नव्हे, दूधही सुरक्षित नसते.

तयार केक थोडासाच सरकला असेल तर एक तास थंड करून, सपाट पट्टीने हळूच जागेवर ढकलून, स्ट्रॉ खुपसून वाचवता येतो. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त कलला असेल तर सरळ करण्याची खटपट सोडून द्यावी आणि तोच केक पेल्यांमध्ये थर लावून वाढावा. चव जशीच्या तशी राहते. मात्र दुधाच्या क्रीमचा केक खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त, किंवा 32 अंशांवरील उकाड्यात एक तासापेक्षा जास्त राहिला असेल, तर आंबट वास येवो न येवो, तो कोणालाही, विशेषतः लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना देऊ नये.

दोन मजली केक, मे महिन्यातला उघड्या मांडवातला समारंभ, किंवा दोन तासांहून लांबचा प्रवास यांपैकी काही असेल तर ताज्या फळांचा क्रीम केक घरी करण्याच्या भरीस पडू नये. शीतगृह आणि थंड वाहन असलेल्या व्यावसायिक बेकरला काम द्यावे. मागणी नोंदवतानाच केक किती वाजता पोहोचणार, कापेपर्यंत तो कुठे ठेवला जाणार आणि तिथे फ्रीज आहे की नाही, हे त्याला सांगावे, कारण क्रीम कोणते वापरायचे आणि फळे आत भरायची की फक्त वर ठेवायची हे तो त्यावरूनच ठरवतो.